डावी बाजू, उजवी बाजू

लग्नाच्या पंगतीत वाढायला उभ्या राहिलेल्या पोराच्या हातात पहिल्यांदा मिठाचं भांडं येतं. मलाही आठव्या-नवव्या वर्षी तेच मिळालं होतं. प्रत्येक पानावर चिमूटभर, वरच्या कडेला, ठरलेल्या जागी. चौथ्या की पाचव्या पानावर मी मीठ उजवीकडे ठेवलं आणि मागून लिंबाच्या फोडी घेऊन येणारा काका थांबला. "अरे, इथं आमटीचा द्रोण यायचाय. मीठ भिजेल की!" एवढं म्हणून त्यानं डाव्या कोपऱ्यात दुसरी चिमूट ठेवली आणि पुढं गेला. रीतीमागं कारण असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच मांडवात, सगळ्या पंगती उठल्यावर, मागच्या पडवीत बसलेल्या काही माणसांची पानं वेगळी मांडलेली मी पाहिली. त्यामागचं कारण मात्र मला कुणी सांगितलं नाही.

पुढं वेगवेगळ्या मुलखांतलं जेवण जेवताना आणि त्याविषयी वाचताना हाच प्रश्न माझ्यामागं राहिला. भारतीय उपखंडात अन्न वाढण्याचे जे असंख्य नियम आहेत, त्यांतले जिभेच्या आणि हाताच्या सोयीचे कोणते, आणि माणसामाणसांत भिंत घालणारे कोणते? दोन्ही एकाच पानावर इतके मिसळलेले आहेत की एक टिकवायला गेलं तर दुसरं आपोआप टिकतं, आणि एक टाकायला गेलं तर दुसरंही फेकलं जातं. मला वाटतं, ते वेगळे करता येतात.

आधी आपलंच पान घेऊ. केळीचं पान मांडताना निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड-कुरडई ही डावी बाजू. भाजी, उसळ, आमटी ही उजवी. मधे भाताची मूद, तिच्यावर वरण, आणि शेवटी तूप, म्हणजे अन्नशुद्धी. तूप पडल्याशिवाय कुणी पानाला हात लावत नाही. ही मांडणी हाताच्या हालचालीवर बेतलेली आहे. आपण उजव्या हातानं जेवतो. जे भरपूर खायचं, भातात कालवायचं, ते हाताजवळ आणि पानाच्या रुंद भागात. जे बोटाच्या टोकावर घेऊन मधूनच चाखायचं, ते भाताच्या पलीकडे, अरुंद भागात. डाव्या बाजूच्या पदार्थांसाठी हात पानावरून ओलांडून न्यावा लागतो, म्हणूनच ते बेतानं खाल्ले जातात. पाण्याचं भांडं डावीकडे, कारण उजवा हात खरकटा असतो. एवढ्या साध्या हिशेबातून एक पूर्ण व्याकरण उभं राहिलं.

हे व्याकरण किती जुनं? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सेहेचाळिसाव्या अध्यायात जेवणाऱ्याचं ताट कसं वाढावं याचं थेट वर्णन आहे. मधे, समोर, वरण आणि भात. फळं, भक्ष्यं आणि कोरडे पदार्थ उजव्या हाताला. पातळ पदार्थ, पाणी, पन्हं, दूध, यूष डाव्या हाताला. गुळाचे प्रकार दोहोंच्या मधे. आजच्या मराठी पानाशी ताडून पाहिलं तर मधला वरणभात आणि डावीकडचं पाणी तसंच आहे, पण पातळ कालवणं मात्र बरोबर उलट बाजूला गेली आहेत. म्हणजे बाजू बदलल्या. पण प्रत्येक पदार्थाला बाजू असते, ही कल्पना टिकली.

त्याच अध्यायात भांड्यांचाही विचार आहे. तूप लोखंडाच्या भांड्यात, पेया चांदीच्या, फळं आणि भक्ष्यं पानांवर, आंबट खड दगडी भांड्यात, उकळून निववलेलं दूध तांब्यात, पाणी आणि पन्हं मातीच्या भांड्यात. वैद्यकातली प्रत्येक जुनी सूचना आज प्रमाण मानावी असं मी म्हणणार नाही. पण आंबट पदार्थ दगडी भांड्यात ठेवावा, हे ज्यांनी कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताकाची कढी कळकताना पाहिली आहे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. तमिळ घरांत कल्चट्टी, आपल्याकडे लोणच्याची झाकणाची दगडी, ही त्याच शहाणपणाची रूपं आहेत.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वरानं 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात राजाचं जेवण मूग, भात आणि तुपानं सुरू होतं आणि शेवटाकडे शिखरिणी, ताक येतात. वरणभातानं सुरुवात आणि ताकभातानं शेवट हा आपल्या पंगतीचा आराखडा कुणालाही त्यात ओळखू येईल. त्यातला मंडक म्हणजे आपला मांडा. आणि गंमत अशी की या सगळ्या खाद्यवर्णनात मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही. ही तिन्ही पिकं अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांची वाट खुली झाल्यावरच ती इकडं आली. आज आपण ज्या पानाला अस्सल पारंपरिक म्हणतो, त्यावरची मिरचीची चटणी आणि बटाट्याची भाजी हे तसे नंतरचे पाहुणे. त्यांना जागा मात्र जुन्याच मिळाल्या: तिखटाची डावीकडे, भाजीची उजवीकडे. परंपरा पदार्थांत शोधणाऱ्यांची फसगत होते ती इथंच. पदार्थ येतात-जातात, जागा राहतात.

केरळच्या सद्येत, म्हणजे तिथल्या मेजवानीत, हे व्याकरण सर्वांत भरगच्च रूपात दिसतं. ओणमच्या पानावर वीस-पंचवीस पदार्थ सहज असतात. शेंडा इथंही डावीकडेच. डाव्या टोकाला केळ्याचे वेफर, गुळात घोळलेली शर्करा वरट्टी, आल्याची इंजीकरी, आंब्याचं आणि नारंगाचं लोणचं. मग वरच्या कडेनं तोरन, ओलन, काळन, अवियल, एरिश्शेरी. खाली भात. पहिला भात परिप्प आणि तुपाबरोबर, पुढचा सांबाराबरोबर, मग पायसम, आणि शेवटी रसम किंवा ताक. जेवून झालं की पान साधारणपणे आपल्या बाजूला दुमडतात. दुःखाच्या प्रसंगी उलट बाजूला. शब्द न बोलता यजमानाला निरोप मिळतो.

अरणमुळ्याच्या पार्थसारथी मंदिरातली वळ्ळसद्या तर मला वाढण्याच्या कलेची परमावधी वाटते. पळ्ळियोडम या लांब नावा वल्हवत आलेल्या वल्हेकऱ्यांना जेवू घालण्याचा तो नवस असतो. साठाहून अधिक पदार्थ असतात आणि वल्हेकरी एकेक पदार्थ गाण्यातून मागतात. मागितलेलं नाकारायचं नाही, असा रिवाज. आपल्याकडे पंगतीत आग्रह करण्याचा मान यजमानाचा. तिथं मागण्याचा मान पाहुण्याचा. मला हे दुसरं जास्त भावतं. जिलबीच्या आग्रहापायी पानात टाकून उठलेलं अन्न मी लहानपणापासून पाहिलं आहे आणि ते कधीच बरं वाटलं नाही.

महाराष्ट्र-केरळात पान एकदम भरतं आणि जेवणारा आपला घास आपण रचतो. बंगालात घास क्रमानं येतो. आधी कडू: कारल्याचं शुक्तो. मग डाळ आणि तळलेल्या भाज्या, मग तरकारी, मग मासे, असेल तर मटण, मग गोड-आंबट चटणी आणि पापड, शेवटी मिष्टी दोई आणि संदेश. कडूनं जीभ जागी होते आणि पुढचं सगळं स्वच्छ लागतं, हा त्यांचा अनुभव. सुश्रुत मात्र सांगतो की गोड आधी, आंबट-खारट मधे, बाकीचे रस नंतर. आपल्या सणाच्या पानावर चमचाभर खीर आधी पडते ती सुश्रुताच्या बाजूची. बोहरा घरांतल्या थाळाला सुरुवात होते चिमूटभर मिठानं, मग गोड येतं, मग खारं. शेवट पुन्हा मिठावर. आधी काय खावं याचं एकच शास्त्रशुद्ध उत्तर असतं तर इतक्या जाणत्या जिभांनी इतकी वेगळी उत्तरं दिली नसती. म्हणून 'आपलीच पद्धत शास्त्रीय' असं कुणी ठासून सांगू लागलं की मी सावध होतो.

बोहऱ्यांचा थाळ मुंबईत भेंडीबाजाराच्या परिसरात राहणाऱ्यांना नवा नाही. मोठं गोल ताट, भोवती सात-आठ जण, आधी चेलमची-लोट्यानं बसल्या जागी हात धुणं. काश्मीरच्या वाझवानात, म्हणजे मेजवानीत, त्रामी या मोठ्या ताटाभोवती चौघं बसतात. तिथंही हात धुवायचं तस्त-नारी पाहुण्यापर्यंत चालत येतं. मग ताटावरचं झाकण, सरपोश, उचललं जातं: भाताचा ढीग, त्यावर सीख कबाब, तबक माझ, मेथी माझ. पुढं वाझा, म्हणजे आचारी, एकेक पदार्थ घेऊन येतो, रिस्ता, रोगनजोश, आणि गुश्ताबा आला की जेवण संपत आलं हे सगळ्यांना कळतं. ताट एक असलं तरी चौघं आपापल्या चतकोरातच जेवतात. दुसऱ्याच्या बाजूला हात जात नाही. एका ताटात जेवणं म्हणजे बेशिस्त असं मानून वाढलेल्या माझ्यासारख्याला ही शिस्त पाहून आपला समज तपासावा लागला.

काठमांडूच्या खोऱ्यातल्या नेवारांच्या भोजात गवताच्या लांब चटईवर ओळ बसते, पण ती वयानं लागते. थोरला थकाली सर्वांत वर. सालाच्या पानांच्या पत्रावळीवर चिवड्यासारखे कोरडे पोहे, छोयला, उसळी. आणि अयला ही घरची दारू अन्ती या भांड्याच्या चोचीतून बारीक धारेनं, उंचावरून मातीच्या इवल्या पणतीत. बळीच्या जनावराच्या मुंडक्याचे भागही वयोमानानं वाटले जातात. इथं पान पाहून माणसाचं कुळातलं स्थान सांगता येतं.

आणि इथूनच प्रश्नाची दुसरी बाजू सुरू होते.

मराठीत 'उष्टं' आणि 'खरकटं' असे दोन वेगळे शब्द आहेत. तोंड लागलेलं ते उष्टं. शिजलेल्या अन्नाचा, विशेषतः भाताचा, स्पर्श झालेलं ते खरकटं. बंगालीत हीच जोडी 'एँटो' आणि 'शोकड़ी' अशी आहे. इतक्या दूरच्या दोन भाषांनी हा सूक्ष्म भेद सांभाळला. त्यातला आरोग्याचा भाग मला मान्य आहे. एकाच डावानं वाढणं, तो डाव जेवणाऱ्याच्या पानाला न टेकवणं, तांब्यातलं पाणी वरून पिणं, पत्रावळ एकदा वापरून उकिरड्यात टाकणं: यात उघड शहाणपण आहे. पण हेच नियम तोंडाच्या लाळेवरून माणसाच्या जातीवर घसरले. तोंड न लागताही भांडं बाटू लागलं. सावली पडली तरी अन्न विटाळू लागलं. आणि वाढणारा उंचावरून पाणी ओतू लागला, ते स्वच्छतेसाठी नव्हे.

पेयांचा इतिहास या बाबतीत जेवणापेक्षा जास्त बोलका आहे, कारण पाणी आणि चहा हे अनोळखी माणसालाही द्यायचे असतात. दारी आलेल्याला गूळ-पाणी, चैत्रात हळदीकुंकवाला पन्हं आणि आंब्याची डाळ, कोकणात जेवणानंतर सोलकढी, लग्नात जिलबीबरोबर मठ्ठा, हे सगळं आपण प्रेमानं आठवतो आणि आठवावंच. पण 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये बोलावलेल्या मंडळींपुढं चहा-बिस्किटं ठेवली गेली आणि केवळ त्या चहावरून शहरात ग्रामण्य माजलं. त्यात टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. प्रायश्चित्ताची चर्चा धर्मपीठापर्यंत गेली. एका कपातून दोन पिढ्यांना पुरेल एवढं भांडण निघालं. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा अस्पृश्य म्हणवलेल्या माणसाच्या हातचा चहा पिणार कोण, हा प्रश्न होता. शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा पिऊ लागले आणि त्यांच्याबरोबरच्यांनाही प्यावा लागला. आणि 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी घेतलं. पेयपानाच्या इतिहासात याहून मोठी घटना मला ठाऊक नाही.

पंगतीचीही हीच गोष्ट. पंक्तिभेद, पंक्तिप्रपंच हे शब्द आपल्या भाषेत आहेत, कारण गोष्टी होत्या. एकाच्या पानात तुपाची धार, दुसऱ्याच्या पानात थेंब. 1917 साली केरळात चेराई इथं सहोदरन अय्यप्पन यांनी मिश्रभोजन घडवलं आणि स्वतःच्या समाजाचाही रोष पत्करला. पदार्थ साधेच होते. त्या दिवशी शेजारी कोण बसलं, एवढ्यानंच हाहाकार झाला. रत्नागिरीत सावरकरांनी सहभोजनं चालवली तीही याच रोटीबंदीविरुद्ध. यांतलं सर्वांत जुनं आणि सर्वांत टिकाऊ उत्तर मात्र शीख गुरूंनी दिलं. तिसरे गुरू अमरदास यांच्या काळापासून शिकवण अशी की आधी पंगतीत बसा, मग संगतीत या. पंजाबीत शब्द आपलाच आहे, पंगत. अर्थ मात्र त्यांनी उलटा फिरवला: जी ओळ माणसं वेगळी करायची तीच ओळ माणसं जोडण्यासाठी वापरली. नांदेडच्या हजूर साहिबच्या लंगरात जमिनीवर बसून दोन्ही हातांच्या ओंजळीत रोटी घेतली की हे कळायला व्याख्यान लागत नाही. देणारा टाकत नाही, घेणारा पुढं करतो.

वाढणाऱ्या हाताचा विचार करताना मला एक गोष्ट फार उशिरा दिसली, याची खंत वाटते. आमच्या घरी पानं घेतली की आजोबा, वडील, काका, आम्ही मुलं बसायचो. आई आणि काकू वाढायच्या. सगळ्यांचं झालं की त्या बसायच्या, आणि तेव्हा त्यांना वाढायला कुणी नसायचं. त्यांच्या पानाला डावी-उजवी बाजू नसायचीच. उरलेली कोशिंबीर, पातेल्याच्या तळाची आमटी, जे हाती लागेल ते ताटात घेतलेलं. ज्यांनी हे व्याकरण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, त्यांच्याच वाट्याला ते कधी आलं नाही. पंक्तिभेदाविषयी लिहिणारे पुष्कळ झाले. या घरातल्या भेदाविषयी मात्र आपण अजून पुरतं बोललेलो नाही.

गिरणगावातल्या खानावळी अशाच बायकांनी चालवल्या. गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना त्या महिनेवारीवर जेवू घालायच्या, खोलीत दाटीवाटीनं पंगत बसायची. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं तेव्हा या खानावळवालींना सावकाराच्या फेऱ्यातून सुटायची वाट मिळाली. वाढण्याला पहिल्यांदा काम म्हणून मोल आलं ते अशा ठिकाणी. हॉटेलांनीही आपला वाटा उचलला. माटुंग्यात रामा नायक यांनी 1942 साली सुरू केलेल्या उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवणारा शेजारच्याची जात विचारत नाही. पैसे देऊन घेतलेल्या पानानं पंक्तिभेद जितका मोडला, तितका उपदेशानं मोडला असेल असं मला वाटत नाही.

आता बुफे. उभ्यानं जेवायला लागतं म्हणून त्याला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. वाकता न येणाऱ्या गुडघ्यांची सोय होते, आणि कुणाला आधी, कुणाला मागून हा प्रश्नच मिटतो. ज्या घरच्या बायका पूर्वी पंगतीमागून पंगती वाढत राहायच्या, त्या आता पाहुण्यांबरोबर जेवतात. एवढ्या एका कारणासाठी मी बुफेचा ऋणी आहे. पण हरवलं तेही मोठं आहे. ताटात पनीरच्या रश्शात जिलबी भिजते, कारण जागा सांगणारा कुणी नाही. भात आधी घ्यायचा की नंतर हे रांग ठरवते. आणि सगळ्यांत जाणवतं ते हे, की आपल्या पानाकडे कुणाचं लक्ष नसतं. चांगला वाढपी मी पाहिला आहे. तो पदार्थाचं नाव ओरडत धावत नाही. ओळीच्या टोकाला क्षणभर थांबतो, पानांवरून नजर फिरवतो, कुणाची आमटी संपली, कुणी भात बाजूला सारलाय, कुणाला मागायचा संकोच वाटतोय हे हेरतो आणि मग चालू लागतो. लाजऱ्या पोराच्या पानात न विचारता दुसरी पुरणपोळी पडते ती अशा नजरेमुळं.

गेली काही वर्षं आमच्याकडे गणपतीत आम्ही पानं वेगळ्या तऱ्हेनं घेतो. केळीची पानं, शेंडे डावीकडे, मीठ त्याच्या कोपऱ्यात, सगळं तसंच. पण वाढून झाल्याशिवाय कुणी बसत नाही, आणि बसतात ते सगळे एकदम: आई, सूनबाई, कामाला येणाऱ्या मावशी, शेजारचं बोहरा कुटुंब. भातांची पातेली दोन ओळींच्या मधे ठेवलेली असतात. पहिला भात संपत आला की जो कुणी उठेल त्यानं मसालेभात वाढायचा, मठ्ठा वाढायला दुसऱ्यानं उठायचं. यंदा मिठाचं भांडं शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीकडे होतं. तिनं प्रत्येक पानासमोर वाकून, ओठ मिटून, नेमकं डाव्या कोपऱ्यात मीठ ठेवलं, आणि शेवटच्या पानापाशी पोचल्यावर मागं वळून विचारलं, "माझं पान कुठलं?"